मेलेला गडी कुठे बसतो?

भिवंडीत कामतघरकडच्या मैदानावर हुतुतू खेळताना आम्ही एका संध्याकाळी दहा-बारा वेळा मरत असू. मेलो की मागच्या रेषेपलीकडे जाऊन उकिडवे बसायचे. आधी मेलेला पुढे, नंतर मेलेला त्याच्या मागे. ही रांग कुणी मोडली की भांडण ठरलेले, कारण ज्या क्रमाने मेलो त्याच क्रमाने जिवंत व्हायचे असते. समोरचा एक गडी पडला की आपला एक उठतो. त्या रांगेत मी पुष्कळ बसलो आहे. गुडघा सोललेला, बोट मातीत रेघा ओढते आहे आणि डोळे चढाईवर गेलेल्याच्या पायांवर. खेळात मी नव्हतो, पण खेळातून उठून घरीही गेलेलो नव्हतो.

हे पुस्तक त्या रांगेविषयी आहे, फक्त मैदानाऐवजी टेबल आहे. चार-पाच जण बसतात. प्रत्येक जण एक पात्र रचतो: नाव, धंदा, ताकद, खोडी. एक जण सूत्रधार होतो, जग उभे करतो, प्रसंग सांगतो. पात्राने काय करायचे ते खेळणारा बोलतो, आणि जमले की फसले ते बरेचदा फासे सांगतात. याला रोलप्लेइंग गेम म्हणतात. महिनोन्महिने चाललेल्या अशा खेळात एखाद्या रात्री फासा वाईट पडतो आणि पात्र मरते. खेळणारा मात्र खुर्चीवर तसाच असतो, हातात पेन्सिल धरून. आता त्याचे काय करायचे? या एवढ्याशा प्रश्नावर गेली पन्नास वर्षे नियम लिहिले जात आहेत, मोडले जात आहेत, त्यावर भांडणे होत आहेत.

पहिल्यांदाच इकडे वळलेल्या वाचकाने बिचकू नये. मराठी माणूस या विषयात अर्धी वाट आधीच चालून आलेला आहे. आपल्या खेळांत मरणाचा शब्द सहज येतो. सोंगटी मरते, प्यादे मरते, गडी मरतो, आणि जेवायला न येणाऱ्या धडधाकट पोरालाही आई ‘मेल्या’ म्हणते. महत्त्वाचे म्हणजे मरणानंतर काय, याची तीन उत्तरे हुतुतूच्या जुन्या प्रकारांनी नावासकट देऊन ठेवली आहेत. संजीवनीत मेलेला गडी समोरचा मेल्यावर उठतो. आजची कबड्डी याच वाटेची. गामिनीत मेला तो मेला. सगळा संघ संपून लोण चढेपर्यंत बाहेर. अमर प्रकारात समोरच्याला गुण मिळतो, पण गडी मैदान सोडत नाही. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी हा खेळ जगाला दाखवला, १९९० साली बीजिंगच्या आशियाई स्पर्धांत तो पदकांचा खेळ झाला. या प्रवासात संजीवनी टिकली, बाकीची दोन नावे मागे पडली. मला ती परत हवी आहेत, कारण टेबलावरच्या मरणाबद्दल बोलायला इतके नेमके शब्द इंग्रजीतही सापडत नाहीत.

थोडा इतिहास. हे खेळ युद्धाच्या पटातून आले. तिथे एक सोंगटी म्हणजे वीस शिपाई. पाच मेले तर कागदावर आकडा बदलायचा, कुणाला वाईट वाटत नसे. डेव्ह अर्नेसन आणि गॅरी गायगॅक्स यांच्या ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ने १९७४ साली एक खेळणारा आणि एक माणूस अशी गाठ बांधली. तोच माणूस पुढच्या आठवड्यात पुन्हा यायचा, थोडा शहाणा, थोडा श्रीमंत होऊन. मरणाला वजन आले ते तेव्हा. सुरुवातीचा रिवाज बहुतेक गामिनीचाच होता. गायगॅक्सचे ‘टूम ऑफ हॉरर्स’ (१९७८) तर मुरलेल्या खेळाडूंची घमेंड उतरवायला रचलेले थडगे. चुकीच्या दारात पाय टाकला की संपले. ‘ट्रॅव्हलर’ या खेळाने (१९७७) याच्याही पुढची मजल मारली: पात्र रचता रचता, नोकरीतली वर्षे मोजतानाच, खेळ सुरू होण्याआधी ते मरू शकत असे. हा नियम मी अनेकांना सांगितला आहे. एकही जण न हसता राहिला नाही.

पुढे संजीवनी रुळली, पण तिला किंमत लावून. ‘डन्जन्स’च्या २०१४च्या आवृत्तीत जीव शून्यावर आला की दर पाळीला वीस पैलूंचा फासा टाकतात. दहा किंवा जास्त पडले तर यश. तीन यशे आधी झाली तर श्वास टिकतो, तीन अपयशे आधी झाली तर गडी गेला. त्यानंतरही दहा दिवसांच्या आत पाचशे मोहरांचा हिरा खर्चून मंत्राने त्याला उठवता येते. ‘पॅरानोया’त (१९८४) प्रत्येकाला एकाच माणसाच्या सहा प्रती मोजून मिळतात. आणि ‘टेन कँडल्स’मध्ये (२०१५) दहा मेणबत्त्या लावून बसतात, शेवटची विझेपर्यंत सगळे मरणार हे पहिल्या मिनिटाला सांगितलेले असते. आमच्या लहानपणी भिवंडीत मेणबत्त्या लावून बसायला खेळाचे निमित्त लागत नसे. वीज गेली की आधी यंत्रमागांचा खडखडाट थांबायचा, मग दिवे नाहीत हे लक्षात यायचे.

एक चौथे उत्तर नियमांच्या पुस्तकांत क्वचित असते, पण गल्लीत सगळ्यांना माहीत असते: कच्चा लिंबू. धाकटा भाऊ खेळायला घ्यावाच लागतो, पण त्याच्यावर राज्य येत नाही, त्याला बाद धरत नाहीत. अनेक सूत्रधार हेच करतात. पडद्याआड फासा टाकतात, आकडा बघतात आणि दुसराच सांगतात. दया म्हणून हे वाईट नाही. वाईट इतकेच की आपण कच्चा लिंबू आहोत हे मोठ्या माणसाला मागाहून कळले, तर आधीच्या सगळ्या विजयांची चव जाते. गल्लीत निदान ते आधी जाहीर करायचे.

अभ्यासाच्या बाजूने एकच पुस्तक सुचवतो. समाजशास्त्रज्ञ गॅरी अ‍ॅलन फाइन यांनी मिनिआपोलिसच्या खेळाडूंत बसून ‘शेअर्ड फँटसी’ (१९८३) लिहिले. त्यांच्या मते टेबलावरचा प्रत्येक जण एकाच वेळी तिघे असतो: माणूस, खेळाडू आणि पात्र. पात्र मेले तर उरलेल्या दोघांचे काय, हे मला त्यातून नीट दिसले. माणसाला चहा हवा असतो. खेळाडूला काम हवे असते. नियमपुस्तके पात्राच्या कलेवरावर पाने खर्चतात आणि या खेळाडूला तासन् तास रिकामा बसवून ठेवतात. माझी तक्रार ही आहे, आणि या विषयात शिरणाऱ्याने पहिला प्रश्न हाच विचारावा: मेलेला गडी बसतो कुठे, आणि किती वेळ?

तुलना ताणू नये, हेही मान्य. हुतुतूत उठतो तो तोच मी असतो. दशावतारातला संकासुर आज रात्री मारला जातो, उद्या दुसऱ्या गावी पुन्हा येतो, प्रेक्षकांना त्यात काही वावगे वाटत नाही. पण आठ महिने वाढवलेले पात्र हिऱ्याने उठवले तर त्याच्या मरणावर रडलेल्या मित्रांना फसल्यासारखे वाटू शकते. इथे मैदानाचे शहाणपण अपुरे पडते. तिथून पुढचा विचार टेबलावरच करावा लागतो.

आमच्या टेबलावरचा एक प्रसंग सांगतो. एका मुलाचा नावाडी रात्री नऊच्या सुमारास दरोडेखोरांच्या हातून मेला. जीवाचा आकडा खोडून खोडून कागद त्या जागी इतका झिजला होता की शून्य लिहिताना पेन्सिल आरपार गेली. कुणी काही बोलेना. सूत्रधार मुलीने आपल्या पुढ्यातले दरोडेखोरांचे कागद उचलले आणि त्याच्याकडे सरकवले. म्हणाली, “हे आता तू चालव.” त्याने सरदाराला घोगरा आवाज दिला, नावाड्याची होडी बळकावली आणि साडेदहापर्यंत आमच्यातले आणखी दोघे पाण्यात बुडवले. त्या दोघांनी तक्रार न करता खुर्च्या त्याच्या बाजूला ओढल्या.

भिवंडी,
१५ जुलै, कबड्डी दिन