कुंडलिकेचा भोंवरा आणि हृदयाची झडप

जालना शहरांतून वाहणारी कुंडलिका पावसाळ्यांत भरली म्हणजे पुलाच्या खांबामागें पाण्याचा भोंवरा उठतो, आणि त्यांत सांपडलेली काडी पुढें न जातां गरगर फिरत राहते. आपण तें क्षणभर पाहतों व चालूं लागतों. लिओनार्दो दा व्हिंची (१४५२–१५१९) हा चालूं लागणाऱ्यांपैकीं नव्हता. वाहत्या पाण्याचे भोंवरे त्यानें वर्षानुवर्षें रेखाटले. आणि १५१३ च्या सुमारास बैलाचें हृदय चिरून पाहतांना तेच भोंवरे त्यास महारोहिणीच्या मुखाशीं दिसले. दिसले म्हणण्यापेक्षां त्यानें ते तर्किले, हें म्हणणें बरें.

तेथें तीन पाकळ्यांची झडप असते, व प्रत्येक पाकळीमागें रोहिणीची भिंत किंचित् फुगलेली असते. हा फुगवटा कशासाठीं? लिओनार्दोचें उत्तर असें कीं, बाहेर पडणारें रक्त या फुगवट्यांत वळून भोंवरा करतें, आणि तो भोंवराच पाकळ्या उलगडून झडप मिटवितो; नुसत्या उलट्या लोटानें ती मिटती तर चुरगळली असती. पण हें डोळ्यांनीं कसें पहावें? त्याची कृति त्यानें वहींत लिहून ठेविली आहे: पोकळींत मेण ओतावें, मेणावरून सांचा घ्यावा, सांच्यांत पातळ कांच फुंकावी, आणि त्या कांचेंतून गवताचें बीं मिसळलेलें पाणी सोडावें. बीं जेथें फिरेल तेथें भोंवरा!

नवल असें कीं, ज्यानें एवढें जाणलें त्यास रक्ताभिसरण ठाऊक नव्हतें. एकाच दिशेस उघडणारी झडप हातांत असूनही, रक्त भरतीओहोटीसारखें येतें-जातें हें गेलनचें मत त्यानें सोडलें नाहीं. ग्रंथप्रामाण्याचें ओझें एवढ्या मोठ्या माणसासही उतरवितां आलें नाहीं! खरा मार्ग हार्वेनें १६२८ मध्यें दाखविला. वह्या अप्रसिद्ध राहिल्या, आणि फुगवट्यांस नांव मिळालें तें वाल्साल्वाचें. पुढें १९६८ सालीं ऑक्सफर्ड येथें बेलहाऊस यांनीं प्रतिकृतींत पाणी खेळवून तीच क्रिया दाखविली. २०१४ मध्यें तेथूनच एम.आर.आय. यंत्रानें जिवंत माणसाच्या छातींतील भोंवऱ्यांचीं मापें प्रसिद्ध झालीं.

हें केवळ कुतूहल नव्हे. सांधे धरणाऱ्या एका तापानें गरिबांच्या मुलांच्या झडपा निकामी होतात, आणि परदेशी झडपेची किंमत त्यांच्या आईबापांस झेपत नसे. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेंत डॉ. वलियाथन व त्यांचे सहकारी देशी झडपेच्या मागें लागले. पहिले तीन नमुने फसले. चौथा यंत्रांत व मेंढ्यांच्या हृदयांत टिकला, आणि डिसेंबर १९९० मध्यें तो प्रथम माणसाच्या हृदयांत बसविला गेला.