बोरिवली ते बोर्डी : खेळातून शाळेकडे जाणारी वाट

अंधेरी असो की मुलुंड, तीन वर्षांच्या मुलाचे आई-बाबा नर्सरीत गेले की पहिला प्रश्न ठरलेला: ‘लिहायला कधी शिकवणार?’ शाळेची तयारी म्हणजे पेन्सिल, असं आपण धरूनच चाललोय. पण या तयारीचा वेगळा अर्थ आपल्याच पश्चिम रेल्वेच्या मार्गावर घडला. आज तो इतिहास पाहू.

सुरुवात ताराबाई मोडकांपासून करायला हवी. जन्म १८९२, मुंबईचा. भावनगरला गिजुभाई बधेकांसोबत त्यांनी बालशिक्षणाचं काम केलं. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला आणि १९३६ साली दादरला शिशुविहार सुरू झालं. मॉन्टेसरी पद्धत मराठी घरांपर्यंत आली ती अशी. पण ताराबाईंना एक गोष्ट टोचत होती. ही साधनं महाग होती, त्यामुळे ती मध्यमवर्गाच्याच मुलांच्या हाती पडत. आणि गंमत बघा, मारिया मॉन्टेसरींनी १९०७ साली रोममध्ये पहिलं बालगृह उघडलं होतं ते गरीब वस्तीत!

१९४५ साली बोरिवलीत कस्तुरबा ट्रस्टचं ग्रामसेविकांसाठी शिबिर भरलं. तिथे ताराबाईंची भेट अनुताई वाघांशी झाली. अनुताई बालविधवा, जिद्दीने शिकलेल्या आणि पुण्याला हुजूरपागेत शिक्षिका असलेल्या. त्या ताराबाईंबरोबर बोर्डीला गेल्या, आणि परत शहराकडे वळल्याच नाहीत.

बोर्डीत बालवाडी उघडली, पण गरीब वस्तीतली मुलं काही येईनात. आता इथे दोन वाटा होत्या. पालकांना बोल लावायचा, किंवा शाळेनेच उठून मुलांकडे जायचं. या दोघींनी दुसरी वाट धरली. वस्तीतल्या अंगणातच बालवाडी भरू लागली, म्हणून नाव पडलं ‘अंगणवाडी’. आधी हात-पाय धुणं, नखं कापणं. मग गाणी, गोष्टी, खेळ. विकतच्या साधनांऐवजी शंख-शिंपले, बिया, पानं, खडे.

आता कुणी म्हणेल, बिया निवडण्यात कसलं आलंय शिक्षण? तर बघा. बी चिमटीत उचलताना बोटांना जे वळण लागतं, तेच पुढे पेन्सिल धरायला उपयोगी पडतं. लहान-मोठ्या बियांचे ढीग करताना वर्गीकरण होतं, त्यातूनच मोजणी येते. गाण्यातलं यमक ऐकून कान ध्वनी ओळखू लागतो, आणि हीच वाचनाची पहिली पायरी आहे. आपली पाळी येईपर्यंत थांबणं, हीसुद्धा शाळेचीच तयारी.

१९५७ साली काम कोसबादच्या टेकडीवर गेलं. वारली मुलं गुरं राखायला जात. मग शाळा कुरणात भरली, ती कुरणशाळा. मोठ्या बहिणीला धाकटं भावंड सांभाळावं लागे. म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली, ती विकासवाडी. १९७५ साली केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना आली, आणि ‘अंगणवाडी’ हा शब्द देशभर पोचला.

शहराचं काय? १९९३ साली यशपाल समितीने नर्सरी प्रवेशाच्या चाचण्या आणि मुलाखती बंद करा असं सांगितलं. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने प्रवेशासाठी मुलांची किंवा पालकांची चाळणी लावायला मनाई केली. २०२० च्या राष्ट्रीय धोरणाने तीन ते आठ वर्षं हा एकच पायाभूत टप्पा मानला आणि त्यात खेळाला मध्यवर्ती स्थान दिलं. कागदावर ताराबाई जिंकल्यात म्हणा ना!

प्रत्यक्षात मात्र उपनगरात एक गंमतशीर उलटापालट दिसते. फी भरणारे पालक चार ओळींच्या वहीचा आग्रह धरतात, आणि चाळीतल्या अंगणवाडीत, जागा अपुरी असली तरी, गाणी चालू असतात. म्हणजे खेळाला मागास समजणारे आपणच.

बोर्डीत प्रश्न होता तो शाळा मुलासाठी तयार आहे का, हा. मूल शाळेसाठी तयार आहे का, हे तिथे नंतर आलं. प्रवेशाच्या रांगेत उभं राहताना हा क्रम आपण लक्षात ठेवला, तरी पुष्कळ झालं.