प्रीफिक्समागचं खरं नाव

एक्सएमएल दस्तऐवजांचं रूपांतर करणाऱ्या एक्सएसएलटी या भाषेतली स्टाइलशीट उघडली की एकाच फाईलीत दोन भाषा नांदताना दिसतात. काही टॅग म्हणजे प्रोसेसरला दिलेल्या आज्ञा, तर काही जसेच्या तसे निकालात उतरणारे. आज्ञा कोणती आणि मजकूर कोणता हे ठरतं नेमस्पेसवरून, म्हणजे टॅगचं नाव कोणत्या शब्दसंग्रहातलं हे सांगणाऱ्या ओळखीवरून.

फेब्रुवारी १९९८मध्ये एक्सएमएल १.० जाहीर झालं तेव्हा ही सोय त्यात नव्हती. सुरुवातीच्या मसुद्यांत नेमस्पेसची घोषणा वेगळ्या प्रोसेसिंग इन्स्ट्रक्शनने करायची होती. ती पद्धत पुढे सोडली गेली, तरी वर्डमधून वेबपानात चिकटवलेल्या मजकुरात तिच्या खुणा बरीच वर्षं सापडत. १४ जानेवारी १९९९ला टिम ब्रे, डेव्ह हॉलंडर आणि अँड्र्यू लेमन यांनी संपादित केलेली शिफारस आली आणि घोषणा टॅगवरच्या अ‍ॅट्रिब्यूटमध्ये गेली. टॅगचं पूर्ण नाव म्हणजे यूआरआय (वेबपत्त्यासारखी दिसणारी नेमस्पेसची ओळख) आणि स्थानिक नाव यांची जोडी. नावापुढे लावलेला प्रीफिक्स हे यूआरआयचं त्या फाईलीपुरतं टोपणनाव. तो यूआरआय कुणी उघडून पाहत नाही, अक्षराला अक्षर जुळतं का एवढंच तपासतात.

याचा दाखला लगेच मिळाला. मार्च १९९९मध्ये इंटरनेट एक्सप्लोरर ५ आला तो एक्सएसएलच्या मसुद्यातला यूआरआय घेऊन. १६ नोव्हेंबरला जेम्स क्लार्क यांच्या संपादनाखाली एक्सएसएलटी १.० पक्कं झालं, ते वेगळ्या यूआरआयसह. दोन्हीकडे प्रीफिक्स 'एक्सएसएल'च, पण भाषा दोन!

नवशिक्यांना सगळ्यात जास्त छळणारा नियम त्याच दिवशी आलेल्या एक्सपाथ १.०मधला, म्हणजे दस्तऐवजातले भाग शोधायला एक्सएसएलटी वापरते त्या भाषेतला. तिथे प्रीफिक्स नसलेलं नाव म्हणजे कोणत्याच नेमस्पेसमध्ये नसलेलं नाव. प्रीफिक्स नसलेल्या टॅगांसाठी घोषित केलेला डीफॉल्ट नेमस्पेस तिथे लागू होत नाही. मूळ दस्तऐवजात एक्सएचटीएमएलचा डीफॉल्ट असेल आणि टेम्प्लेटमध्ये नुसतं 'टेबल' लिहिलं, तर काहीच जुळत नाही आणि चूक झाल्याचा संदेशही येत नाही. दस्तऐवजाचे प्रीफिक्सही इथे उपयोगी नाहीत, स्टाइलशीटमध्ये स्वतंत्र प्रीफिक्स घोषित करावा लागतो. तरीही मला हा निर्णय योग्य वाटतो. स्टाइलशीटमधला डीफॉल्ट बहुधा निकालातल्या टॅगांसाठी लावलेला असतो. तोच शोधालाही लागू केला असता, तर नेमस्पेस नसलेले साधे दस्तऐवज हाताळणं अवघड झालं असतं.

कमी होती ती शोधासाठीच्या वेगळ्या डीफॉल्टची. मायकेल के यांनी संपादित केलेल्या एक्सएसएलटी २.०ने २००७मध्ये तो दिला. ब्राउझरांमधले प्रोसेसर मात्र १.०वरच थांबले, म्हणून तिथे प्रत्येक नावापुढे प्रीफिक्स लिहिण्यावाचून गत्यंतर उरलं नाही.