मोटारीचें सुटें चाक

भारतांतील कोणत्याहि रस्त्यावर मोटारीचें चाक पंक्चर झालें, कीं तोंडीं पहिला शब्द येतो तो 'स्टेपनी'. हा शब्द आतां इतका घरचा झाला आहे, कीं तो परका आहे हें सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. वास्तविक स्टेपनी हें मूळचें चाकाचें नांव नव्हे. तें एका रस्त्याचें नांव आहे. ब्रिटनच्या पश्चिम भागांतील वेल्समध्यें लानेली नांवाचें गांव आहे. तेथील स्टेपनी स्ट्रीटवर डेव्हिस बंधूंचें काम चालत असे. त्यांनीं १९०४ सालीं जें जादा चाक तयार केलें, तें ब्रिटिश साम्राज्यांत दूरवर पसरलें, आणि ज्यांनीं लानेलीचें नांवहि कधीं ऐकलें नव्हतें, अशा लोकांच्या बोलण्यांत त्या गांवचा रस्ता कायमचा राहिला. माल्टा बेटांतहि हाच शब्द चालतो, व ब्राझीलच्या पोर्तुगीज भाषेंत जादा चाकाला 'एस्तेपी' म्हणतात तेंहि यावरूनच.

हें जादा चाक लागलें कां, हें समजण्यास आपल्या बैलगाडीकडे पाहावें. गांवचा सुतार चाक घडवितो तें एका विशिष्ट गाडीच्या आसासाठीं. तुंब्याचें भोंक त्याच आसाच्या मापाचें, आरे त्याच्याच हिशेबानें बसविलेले. लोहार वर लोखंडी धाव तापवून चढवितो, कीं काम पुरें झालें. एका गाडीचें चाक दुसरीला बसेल, अशी अपेक्षा कोणी करीत नाहीं. आरंभींच्या मोटारी याच कुळांतल्या होत्या. त्यांचीं लांकडी आऱ्यांचीं चाकें आसाशीं जखडलेलीं असत. रॉबर्ट थॉमसन यानें हवा भरलेल्या टायरचा हक्क १८४५ सालींच नोंदविला होता. १८८८ मध्यें बेलफास्ट येथें डनलॉप यानें ती कल्पना पुन्हां काढली व ती रूढ झाली. हवेच्या टायरनें प्रवास सुखाचा झाला खरा, पण रस्त्यांत घोड्यांच्या नालांचे खिळे विखुरलेले असत. टायर फुटला म्हणजे चाक जागच्या जागीं ठेवून, तेथेंच धुळींत बसून, तो उकलावा व दुरुस्त करावा लागे. डेव्हिस बंधूंनीं यावर सोपी तोड काढली. बिनआऱ्याचें एक कडें, त्यावर आधींच हवा भरलेला टायर. फुटलेल्या चाकाच्या कडेला तें पकडींनीं आवळावयाचें आणि गाडी हांकावयाची. त्या काळीं मडगार्ड चाकापासून चांगलें दूर असे. त्यामुळें हें जोडचाक घासेल कोठें, हा प्रश्न कोणास पडण्याचें कारणच नव्हतें.

यापुढची पायरी शर्यतींनीं गांठली. १९०६ च्या जून महिन्यांत फ्रान्समधील ल मां येथें दोन दिवसांची मोठी शर्यत झाली. गाडीचें काम चालकानें व त्याच्या जोडीच्या मिस्त्रीनेंच करावें, असा नियम होता. मिशलँ कंपनीनें तयार केलेलें सुटें रिम कांहीं गाड्यांना लावलें होतें. टायरसकट तें काढून दुसरें चढवितां येई. उन्हानें व डांबरानें टायर भराभर निकामी होत होते, तेव्हां या सोयीचा मोठा लाभ मिळाला, व रेनो गाडीवरील फेरेंत्स सिस हा विजयी झाला. इंग्लंडमध्यें रज-व्हिटवर्थ कंपनीनें त्याहून पुढें जाऊन तारांच्या आऱ्यांचें सबंध चाकच सुटें केलें. मधला एक नट सोडला, कीं तें हातांत येई. १९०८ च्या फ्रेंच ग्रां प्रीच्या चालकांनीं मात्र अशीं चाकें वर्ज्य ठरविलीं, व नेपियर गाड्यांनीं शर्यतींतून अंग काढून घेतलें. ज्या सुधारणेस बंदी झाली, तीच पुढें सर्व मोटारींचा नियम होऊन बसली.

चाक सुटें झालें, त्या दिवसापासून चाक आणि गाडी यांच्यांत एक करार निर्माण झाला. बोल्ट किती, ते किती व्यासाच्या वर्तुळावर, मधलें भोंक केवढें, हें सर्व दोन्हीं बाजूंस तंतोतंत जुळावें लागतें. बोल्टांच्या वर्तुळाच्या व्यासास कारागीर 'पीसीडी' म्हणतात. फियाटच्या अनेक गाड्यांस तो ९८ मिलिमीटर आहे, इतर पुष्कळ लहान गाड्यांस १००. दोन मिलिमीटरांचा हा फरक डोळ्यांस दिसत नाहीं. नट कसेबसे आवळले जातात, पण ते तिरपे बसतात व धांवतांना सैल होण्याचें भय राहतें. कित्येक जपानी गाड्यांस हेंच माप ११४.३ आहे. हा अपूर्णांक चमत्कारिक वाटतो, पण ११४.३ मिलिमीटर म्हणजे बरोबर साडेचार इंच. इंचांचा जुना हिशेब मिलिमीटरांचा वेष घेऊन अद्याप नांदत आहे. मधलें भोंक हबाहून मोठें असेल, तर तेवढ्याच मापाची कडी मध्यें घालून चाक केंद्रावर आणावें लागतें. नाहीं तर वेगांत स्टिअरिंग थरथरतें.

यानंतर चाकाकडे सौंदर्याचा विषय म्हणून पाहिलें जाऊं लागलें. १९२४ मध्यें लियाँ येथील शर्यतींत बुगाटीनें ओतीव ॲल्युमिनियमचीं चाकें आणलीं. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेंत हॅलिब्रँडनें शर्यतीच्या गाड्यांसाठीं मॅग्नेशियमचीं चाकें ओतलीं, आणि साठाच्या दशकांत शर्यतीचीं चाकें घरगुती गाड्यांवर चढविण्याची हौस पसरली. याच सुमारास गाडीचें अंगहि पालटलें होतें. पूर्वीं मडगार्ड वेगळें असे. युद्धानंतरच्या गाड्यांत तें गाडीच्या अंगांतच मिसळून गेलें, आणि चाक एका अरुंद खणांत कोंडलें गेलें. १९५९ सालची ब्रिटिश 'मिनी' हें याचें उत्तम उदाहरण. घरांत जागा पुरावी म्हणून तिचीं चाकें अवघ्या दहा इंचांचीं ठेविलीं होतीं. तिच्यासाठीं १९६२ मध्यें 'मिनिलाइट' हीं हलकीं चाकें निघालीं. शौकिनांनीं रुंद चाकें बसविलीं, तेव्हां तीं अंगाबाहेर डोकावूं लागलीं, व मडगार्डांस वरून जोडपट्ट्या लावणें भाग पडलें.

चाक नेमकें किती डोकावेल, याचें उत्तर अंदाजानें नव्हे, बेरीज-वजाबाकीनें मिळतें. चाकाच्या रुंदीची मध्यरेषा आणि तें हबाला टेकतें ती पाठ, यांमधील अंतरास 'ऑफसेट' म्हणतात. चाकावर बहुधा 'ईटी' अशीं अक्षरें कोरून तें दिलेलें असतें. ही पाठ मध्यरेषेच्या बाहेरच्या अंगास असली, तर ऑफसेट धन मानतात. तो जितका अधिक, तितकें चाक आंत सरकतें. समजा, मूळ चाक ६ इंच रुंद, ऑफसेट ४५. आणि दुकानांत आवडलेलें चाक ७ इंच रुंद, ऑफसेट ३५. रुंदी एक इंचानें वाढली, म्हणजे प्रत्येक अंगास १२.७ मिलिमीटर. ऑफसेट १० नें घटला, म्हणजे सबंध चाक १० मिलिमीटर बाहेर आलें. म्हणून आंतली कड केवळ २.७ मिलिमीटर आंत गेली, पण बाहेरची कड २२.७ मिलिमीटर बाहेर आली. तेवढी जागा मडगार्डाखालीं आहे कीं नाहीं, हें पट्टी लावून पैसे देण्यापूर्वींच पाहतां येतें.

उंचीचाहि हिशेब असाच आहे. १९५/६५ आर १५ या टायरचा व्यास सुमारें ६३४ मिलिमीटर भरतो. सोळा इंची रिमवर २०५/५५ चा टायर घेतला, तर व्यास ६३२ येतो; रिम वाढलें, पण टायरची भिंत तेवढीच कमी झाली. त्याच रिमवर २०५/६० घेतला, तर व्यास ६५२ होतो. चाक वरच्या बाजूस नऊ मिलिमीटर उंच गेलें, आणि वेगाचा कांटाहि प्रत्यक्षाहून कमी दाखवूं लागला.

हें सर्व जमलें, तरी एक परीक्षा उरतेच. दुकानांत गाडी जॅकवर टांगलेली, रिकामी व सरळ उभी असते. रस्त्यावर तिच्यांत पांच माणसें व सामान असतें, खड्ड्यांत स्प्रिंग दबतें, वळणावर पुढचें चाक तिरपें होतें. आंतील बाजूस शॉक ॲब्सॉर्बर, बाहेर मडगार्डाची कड, मागेंपुढें चाकाच्या खणाचें अस्तर. चाक यांपैकीं कोठेंहि अडूं शकतें. पूर्ण भार घालून, स्टिअरिंग दोन्हीं टोकांपर्यंत फिरवून आणि सावकाश एखादा गतिरोधक ओलांडून पाहिल्याशिवाय निर्णय करणें धाडसाचें आहे. चाक घासूं लागल्यावर कित्येक जण मडगार्डाची कड आंत दुमडून घेतात. पण मूळ माप चुकलें असेल, तर त्यानें दोष झांकतो, जात नाहीं.

कारण घासतें तें टायरच्या बाजूच्या भिंतीस किंवा खांद्यास. त्यांतील भिंत हा टायरचा सर्वांत नाजूक भाग. तिला पंक्चरासारखें ठिगळ चालत नाहीं. कापली गेली, तर टायरच टाकून द्यावा लागतो, आणि ती वेगांत फाटली, तर गाडी सांवरण्यास अवसर मिळेलच असें नाहीं. विक्रेता 'बसतें' म्हणतो, तेव्हां बोल्ट शिरतात एवढाच त्याचा अर्थ असतो. चाक बसणें वेगळें आणि भरल्या गाडीखालीं मोकळें फिरणें वेगळें. बैलगाडीच्या सुतारास हा भेद सांगावा लागत नसे, कारण चाक आणि गाडी दोन्हीं त्याच्याच डोळ्यांसमोर असत. सुटें चाक विकत घेणाऱ्यानें त्या सुताराचें काम आपल्या अंगावर घेतलेलें असतें. तेव्हां त्याची मोजपट्टीहि हातांत घेणें त्याला चुकत नाहीं.