सोलापूर ते मूडबिद्री : एका श्रुतयात्रेचा इतिहास

सोलापूरच्या जैन समाजास तीर्थयात्रेची परंपरा नवी नाही. कुंथलगिरी तर आपल्या अंगणातलेच सिद्धक्षेत्र. गजपंथा, मांगीतुंगी, श्रवणबेळगोळ, गिरनार आणि सम्मेदशिखर ही नावे आपल्या घराघरांत पिढ्यान्‌पिढ्या उच्चारली जात आहेत. दक्षिणेच्या यात्रेस निघालेला संघ श्रवणबेळगोळला गोमटेशाचे दर्शन घेऊन पुढे सह्याद्रीचा घाट उतरतो आणि कारकळ, वेणूर करीत मूडबिद्रीस पोहोचतो. बहुतेकांचा मुक्काम तेथे एक रात्रीचा असतो. हजार खांबांचे मंदिर पाहावे, रत्नप्रतिमांचे दर्शन घ्यावे आणि परतीची वाट धरावी, असा क्रम ठरून गेला आहे. परंतु या गावाशी सोलापूरचे जे नाते आहे ते केवळ यात्रेकरूचे नाही. आपल्या आगमग्रंथांच्या रक्षणाच्या इतिहासात सोलापूरचे नाव मूडबिद्रीच्या नावाशी कायमचे जोडले गेले आहे. न्यासाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत त्या नात्याचे स्मरण करणे उचित होईल.

वेणुवनातील नगरी

मंगळूरपासून ईशान्येस सुमारे पस्तीस किलोमीटरवर, सह्याद्रीच्या पश्चिम उतारापाशी मूडबिद्री वसले आहे. कन्नड भाषेत 'मूडु' म्हणजे पूर्व आणि 'बिदिरु' म्हणजे बांबू. पूर्वेकडील वेळूचे बन असा या नावाचा अर्थ. एके काळी येथे घनदाट वेणुवन होते. एका मुनिराजांनी या वनात वाघ आणि गाय एकाच ठिकाणी निर्वैर भावाने पाणी पिताना पाहिली, त्या जागी शोध घेतला असता भगवान पार्श्वनाथांची प्रतिमा प्रकट झाली आणि तेथेच पहिली बसदी उभी राहिली, अशी परंपरागत कथा आहे. तीच आजची गुरुबसदी होय.

पुढे या वनाचे नगर झाले. आज गावात अठरा बसदी आहेत. त्यांत सर्वांत भव्य ती त्रिभुवनतिलक चूडामणी बसदी. तिचे बांधकाम विजयनगरच्या काळात, इ. स. १४३० मध्ये सुरू झाले. हिलाच लोक हजार खांबांचे मंदिर म्हणतात. मूलनायक भगवान चंद्रनाथ आहेत. मुसळधार पावसाच्या या प्रदेशाला साजेसे उतरते छप्पर आणि दगडी खांबांवरील नाजूक कोरीवकाम पाहताना, आपल्याकडील शिखरबद्ध मंदिरांची सवय असलेला यात्रेकरू क्षणभर थबकतो. 'भरतेशवैभव' या प्रसिद्ध कन्नड काव्याचे कर्ते रत्नाकरवर्णी याच गावचे. येथील मठाचे भट्टारक श्रवणबेळगोळप्रमाणेच चारुकीर्ती या नावाने ओळखले जातात. मठ, बसदी आणि विद्या यांचा असा संगम झाल्यामुळेच या नगरीस 'जैन काशी' हे नाव मिळाले.

बसदीतील ठेवा

परंतु मूडबिद्रीचे खरे वैभव दगडात नसून ताडपत्रांत होते. भगवान महावीरांची वाणी मौखिक परंपरेने चालत आली आणि कालौघात क्षीण होत गेली. तेव्हा गिरनारच्या चंद्रगुहेत राहणाऱ्या आचार्य धरसेनांना श्रुतविच्छेदाची चिंता वाटली. त्यांनी दक्षिणेतील मुनिसंघाकडे निरोप पाठवून दोन समर्थ शिष्य बोलावले. ते पुष्पदंत आणि भूतबली. या दोघांनी गुरुमुखातून मिळवलेले ज्ञान सूत्रबद्ध केले. तोच 'षट्खंडागम'. ग्रंथ पूर्ण झाल्यावर ज्येष्ठ शुद्ध पंचमीस त्याची पूजा झाली. आपण साजरी करतो ती श्रुतपंचमी हीच. जो णमोकार मंत्र आपण रोज म्हणतो, तो या ग्रंथाच्या आरंभी मंगल म्हणून आलेला आहे.

या सूत्रांवर आचार्य वीरसेनांनी नवव्या शतकात 'धवला' ही बहात्तर हजार श्लोकप्रमाण टीका लिहिली. कषायप्राभृतावरील 'जयधवला' टीकेचे वीस हजार श्लोकप्रमाण लेखन करून ते निवर्तले. त्यांचे शिष्य जिनसेन यांनी उरलेली चाळीस हजार श्लोकप्रमाण टीका लिहून इ. स. ८३७ मध्ये ती पूर्ण केली. तेव्हा राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्षाचे राज्य होते. त्याची राजधानी मान्यखेट म्हणजे आपल्या शेजारच्या कलबुर्गी जिल्ह्यातील मळखेड. षट्खंडागमाचा सहावा खंड 'महाबंध' हा 'महाधवल' या नावाने ओळखला जाई.

या तिन्ही सिद्धांतग्रंथांच्या प्राचीन प्रती साऱ्या भारतात केवळ मूडबिद्रीत उरल्या होत्या. जुन्या कन्नड लिपीत, ताडपत्रांवर लिहिलेल्या. यात्रेकरूंना त्यांचे दुरून दर्शन घडे. त्यांची पूजा होई, आरती होई. पण त्या वाचणारा जवळजवळ कोणी उरला नव्हता. दक्षिणेच्या दमट हवेत ताडपत्रे मात्र झिजत होती.

इ. स. १८८४ ची यात्रा

मुंबईचे दानशूर शेठ माणिकचंद पानाचंद जव्हेरी हे इ. स. १८८३ मध्ये संघासह मूडबिद्रीस गेले. ग्रंथांची जीर्ण अवस्था पाहून ते अस्वस्थ झाले. हे वाचू शकेल असा कोणी आहे काय, अशी त्यांनी चौकशी केली, तेव्हा श्रवणबेळगोळच्या ब्रह्मसूरी शास्त्रींचे नाव त्यांना कळले. परतल्यावर त्यांनी ही हकीगत आपले स्नेही, सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद दोशी यांना पत्राने कळविली.

हिराचंद शेठ हे उद्योगपती वालचंद हिराचंद यांचे वडील. व्यापारात मुरलेले, पण वृत्तीने धर्मनिष्ठ आणि विद्याप्रेमी. 'जैन बोधक' हे जैन समाजातील आद्य नियतकालिकांपैकी एक मानले जाणारे पत्र त्यांनी सोलापुरातून सुरू केले. पत्र मिळताच त्यांनी उत्तरादाखल केवळ सहानुभूती पाठविली नाही. इ. स. १८८४ मध्ये ते स्वतः निघाले, ब्रह्मसूरी शास्त्रींना बरोबर घेतले आणि मूडबिद्री गाठली. मंगळूरला रेल्वे पोहोचली ती इ. स. १९०७ मध्ये, म्हणजे त्यानंतर तेवीस वर्षांनी. यावरून त्या काळच्या घाटवाटेच्या प्रवासाची कल्पना यावी.

तेथे ब्रह्मसूरी शास्त्रींनी जमलेल्या मंडळींना धवलग्रंथातील मंगलाचरण वाचून दाखविले. ज्याची केवळ पूजा होत होती तो ग्रंथ पुन्हा बोलू लागला. याच वेळी त्याची नक्कल करण्याचा संकल्प हिराचंद शेठांच्या मनात दृढ झाला.

सव्वीस वर्षांचे लेखन

संकल्पापासून कार्यारंभापर्यंत मात्र एक तप गेले. मूडबिद्रीचे भट्टारक आणि पंच यांना ग्रंथ बाहेर जाण्याची भीती वाटे. ही भीती निराधार होती असे म्हणता येणार नाही. शतकानुशतके राजवटी बदलल्या, तरी त्यांनी हा ठेवा जिवापाड जपला होता. आणि तो टिकला तो त्यांच्या या सावधपणामुळेच. मध्यंतरी अजमेरच्या शेठ मूळचंद सोनी यांनीही प्रयत्न केला. थोडे लेखन झालेही, पण प्रत अजमेरला नेण्याच्या प्रश्नावरून ते थांबले.

अखेर इ. स. १८९५ च्या सुमारास हिराचंद शेठांनी निधी उभारण्यास आरंभ केला. एकाच धनिकाच्या देणगीवर विसंबून न राहता त्यांनी शंभर-शंभर रुपयांची वर्गणी देणारे साहाय्यक मिळविले आणि सुमारे चौदा हजार रुपये जमविले. नक्कल मूडबिद्रीतच राहील, ही अट मान्य करून इ. स. १८९६ मध्ये लेखन सुरू झाले. ब्रह्मसूरी शास्त्रींच्या साहाय्यास मिरजेचे गजपती शास्त्री होते. जयधवलेचा थोडाच भाग झाला असता ब्रह्मसूरी शास्त्रींचे निधन झाले. पुढील भार गजपती शास्त्रींनी उचलला. धवला व जयधवला यांची नागरी प्रत पूर्ण होण्यास सुमारे सोळा वर्षे लागली. महाधवलाचे काम पूर्ण होईपर्यंत इ. स. १९२२ उजाडले. एकंदर सव्वीस वर्षे आणि सुमारे वीस हजार रुपये या कार्यास लागले.

दिलेल्या शब्दाची कसोटी

या इतिहासातील सर्वांत विचार करावयास लावणारा प्रसंग यानंतरचा. मूडबिद्रीत लेखन चालू असतानाच गजपती शास्त्रींनी आपली पत्नी लक्ष्मीबाई हिच्या साहाय्याने घरी गुप्तपणे एक कन्नड प्रत तयार केली होती. ती घेऊन ते सोलापुरास हिराचंद शेठांकडे आले आणि योग्य मोबदला देऊन ती ठेवून घ्यावी असे त्यांनी सुचविले. ज्या ग्रंथासाठी तीन दशके झटावे, तो ग्रंथ दारी चालून आला होता. हिराचंद शेठांनी तो घेण्यास नकार दिला. मूडबिद्रीच्या पंचांस आपण शब्द दिला आहे, तो मोडून मिळविलेला ग्रंथ आपल्या घरी नको, ही त्यांची भूमिका होती.

ती प्रत पुढे सहारनपूरच्या लाला जंबुप्रसाद यांनी घेतली. तेथे तिचे नागरीत लेखन झाले. लेखक सीताराम शास्त्री यांनी आणखी एक प्रत आपल्यापाशी ठेवली आणि तिच्यावरून आरा, कारंजा, अमरावती, सागर आदी ठिकाणी प्रती गेल्या. याच प्रतींच्या आधारे डॉ. हिरालाल जैन यांनी अमरावती येथे संपादन करून षट्खंडागमाचा पहिला भाग इ. स. १९३९ मध्ये प्रसिद्ध केला. त्यासाठी विदिशेच्या शेठ लक्ष्मीचंद्र सिताबराय यांचे द्रव्यसाहाय्य लाभले. पुढे सोळा भागांत ही ग्रंथमाला पूर्ण झाली.

मग हिराचंद शेठांचा नकार व्यर्थ होता काय? वरवर पाहता तसे वाटेल. गुप्त प्रत बाहेर पडली नसती तर मुद्रण कदाचित आणखी लांबले असते, हे मान्य केले पाहिजे. परंतु गुप्त नकलेत पाठदोष राहतात, ते मूळ प्रतीशी ताडून पाहिल्याविना दूर होत नाहीत. पहिला भाग छापून आल्यावर मूडबिद्रीच्या भट्टारकांनी व पंचांनी उदारपणे सहकार्याचा हात पुढे केला आणि पुढील भागांसाठी मूळ ताडपत्रांशी पाठ ताडून पाहता आले. अविश्वासाची भिंत पाडण्यास आधी कोणी तरी विश्वासास पात्र ठरलेला असावा लागतो. सोलापूरकरांनी सव्वीस वर्षे शब्द पाळला, त्याचे मोल या दृष्टीने मोजले पाहिजे. अचौर्यव्रत ग्रंथासही लागू आहे, हे त्यांनी कृतीने सांगितले.

ताम्रपत्र आणि मुद्रण

कुंथलगिरी येथील एका चातुर्मासात चारित्रचक्रवर्ती आचार्य शांतिसागर महाराजांना महाबंधाच्या ताडपत्रातील काही हजार श्लोक नष्ट झाल्याचे कळले. हे सिद्धांतग्रंथ ताम्रपत्रांवर कोरले जावेत, अशी प्रेरणा त्यांनी समाजास दिली. तदनुसार कोरलेली ताम्रपत्रे फलटण येथे जतन करण्यात आली. याच कुंथलगिरीवर १८ सप्टेंबर १९५५ रोजी महाराजांनी सल्लेखनापूर्वक देहत्याग केला.

सोलापूरचा वाटाही संपला नव्हता. ब्रह्मचारी जीवराज गौतमचंद दोशी यांनी आपल्या न्यायोपार्जित संपत्तीचा विनियोग कसा करावा याचा विचार करण्यासाठी इ. स. १९४१ च्या उन्हाळ्यात गजपंथा येथे विद्वानांची सभा बोलाविली. तीतून जैन संस्कृती संरक्षक संघाची स्थापना झाली. आरंभी तीस हजार आणि इ. स. १९४४ मध्ये सुमारे दोन लाखांची आपली सर्व संपत्ती त्यांनी संघास अर्पण केली. संघाच्या जीवराज जैन ग्रंथमालेचा आरंभ 'तिलोयपण्णत्ती' या ग्रंथाने झाला. षट्खंडागमाच्या पहिल्या भागाची संशोधित आवृत्ती इ. स. १९७३ मध्ये या संघानेच सोलापुरातून प्रसिद्ध केली. इ. स. १८८४ मध्ये जो ग्रंथ पाहण्यासाठी सोलापूरचा एक श्रावक घाट उतरून गेला, तो नव्वद वर्षांच्या आत सोलापूरच्याच नावाने छापून समाजाच्या हाती आला.

यात्रेकरूंस विनंती

आता मूडबिद्रीस जाणाऱ्या बंधुभगिनींस एवढीच विनंती की, त्रिभुवनतिलक चूडामणी बसदीचे खांब पाहून झाल्यावर थोडा वेळ गुरुबसदीत बसावे. तेथील श्रीमती रमाराणी जैन शोध संस्थानात ताडपत्रांचा मोठा संग्रह जतन केला आहे, तोही पाहावा. जवळच कारकळ येथे इ. स. १४३२ ची आणि वेणूर येथे इ. स. १६०४ ची बाहुबलींची भव्य मूर्ती आहे. त्यांचे दर्शन सहज घडते.

आणि परतल्यावर आपल्या गावच्या मंदिरातील कपाट एकदा उघडून पाहावे. लाल फडक्यात बांधलेल्या हस्तलिखित पोथ्या अजूनही अनेक ठिकाणी आहेत. श्रुतपंचमीस त्यांवर गंधाक्षता वाहिल्या जातात, पण आत काय आहे हे कोणी वाचत नाही. त्यांची यादी करणे, वाळवी व ओल यांपासून त्यांचे रक्षण करणे, जाणकारांकडून त्या वाचवून घेणे आणि त्यांची छायाचित्रे काढून ठेवणे, ही कामे आज शंभर वर्षांपूर्वीपेक्षा कितीतरी सोपी आहेत. त्यासाठी घाट उतरावा लागत नाही, की सव्वीस वर्षे थांबावे लागत नाही. हिराचंद शेठांनी शंभर-शंभर रुपये गोळा करून जे कार्य तडीस नेले, त्याचा हा उरलेला अंश आहे. सुवर्णमहोत्सवाच्या पुण्यपर्वावर आपण सर्वांनी तो उचलावा, हीच जिनवाणीची खरी पूजा ठरेल.