पोटावारीचं तेरा महिन्यांचं साल

आमची वस्ती पाटोदा तालुक्यात, मांजरा नदी उगम पावते त्या बालाघाटाच्या माळावर. गाव कोसभर लांब. वीज नव्हती, घरात चिमणी, गोठ्यात कंदील. गोठ्याला लागून एक सपर होतं, तिथे आमचे सालगडी बायकोसह राहत. मी त्यांना मामा म्हणायचो.

साल पाडव्याला ठरायचं. गुढी उभी राहिली की वडील ओसरीवर वही घेऊन बसत. वर्षाची ज्वारी, दोन धोतरं, दोन बंड्या, एक घोंगडी, पायताणाचा जोड, थोडे रोख पैसे. राहायला सपर आणि दोन्ही वेळची भाकरी आमच्या चुलीवरची. त्या बदल्यात नांगरट, पाळी, मोट, वैरण, रात्रीची राखण. आजारपणाचे खाडे वेगळे मांडले जात आणि साल सरल्यावर भरून घेतले जात. मामांची ताटली वळचणीला खोचलेली असे. आई भाकरी वरून टाकायची. सालगड्याला ‘घरचाच माणूस’ म्हणण्याची आपल्याकडे रीत आहे, म्हणून ही ताटली मुद्दाम सांगतो.

साल पाडवा ते पाडवा. ज्या वर्षी धोंड्याचा महिना येई, त्या वर्षी ते तेरा महिन्यांचं होई. त्या महिन्यात जावयाला धोंडे-जेवण आणि वाण मिळे. गड्याच्या तेराव्या महिन्याचं आमच्या घरी वेगळं काहीच मिळत नसे.

1972 चं साल असंच. वैशाख अधिक आला आणि पाऊस मात्र आलाच नाही. कणगी रिकामी झाली. वडील म्हणाले, “ज्वारी जमायची नाही औंदा. पोटावारी राहा.” पोटावारी म्हणजे नुसत्या भाकरीवर. गावातली माणसं दुष्काळी कामावर खडी फोडायला जात होती. तिथे आठवड्याला रोख मजुरी होती, सुकडी मिळत होती. मामी गेल्या. मामा राहिले. ते आमच्या मायेने राहिले असं मी कित्येक वर्षं समजत होतो. खरं कारण वहीत होतं: आदल्या पाडव्याला मुलीच्या लग्नासाठी त्यांनी इसार उचलला होता आणि तो फिटला नव्हता.

गेल्या वर्षी माझी पुतणी हिमाचलात एका कुटुंबाकडे महिनाभर राहून आली. डोंगरातलं घर, सौर दिवे, झऱ्याचं पाणी. सकाळी चार तास बागेत काम आणि बदल्यात खोली, जेवण. ही रीत जगभर पसरली ती इंग्लंडातून. 1971 मध्ये लंडनमध्ये सेक्रेटरी असलेल्या स्यू कॉपर्ड यांनी शहरातल्या माणसांना शनिवार-रविवार ससेक्समधल्या शेतावर नेलं आणि त्यातून ‘वूफ’ ही चळवळ उभी राहिली. म्हणजे आमच्या दुष्काळाच्या आदल्याच वर्षी. पुतणी यजमानांच्या पंगतीला बसून जेवली, परतीचं तिकीट तिच्या पिशवीत होतं. काम तेच, भाकरीही तीच. पण निघून जायची मुभा नसेल, तर त्याला मी देवाणघेवाण म्हणणार नाही.

1976 मध्ये वेठबिगारी निर्मूलनाचा कायदा झाला. त्यात देशभरच्या प्रथांची नावं मोजली आहेत; जुन्या हैदराबाद संस्थानातला ‘भगेला’ त्यात आहे, आमचा सालगडी नाही. आमच्याकडे गाठ सैल केली ती रोजगार हमीने. 1977 चा तो कायदा 1979 पासून लागू झाला आणि मालकाच्या दारात न जाताही मजुरी मिळू शकते हे माणसांना कळलं. त्याच सुमारास मामा साल सोडून गेले. मग त्यांचा मुलगा आणि सून ऊसतोडीला जाऊ लागले. नवरा-बायकोचा मिळून एक कोयता, मुकादमाची उचल, दिवाळीच्या आगेमागे निघायचं ते उन्हाळा लागता परतायचं. इसार गेला, उचल आली. उचल फिटली नाही तर पुढच्या हंगामालाही त्याच मुकादमाकडे जावं लागतं. बीडच्या माणसाला हे मी नव्याने सांगायला नको.

वडिलांची वही माझ्याकडे आहे. 1972 च्या पानावर मामांच्या नावापुढे ‘पोटावारी’ एवढा एकच शब्द आहे, आणि पुढच्या पाडव्याला इसाराची बाकी जशीच्या तशी ओढलेली आहे. तेरा महिन्यांच्या कामाचा त्यातून एक रुपयाही वजा केलेला नाही. तुमच्या माळ्यावर अशा वह्या असतील तर वाळवी लागायच्या आत त्या उघडा, आणि ज्यांची नावं त्यात आहेत त्यांच्या लेकरांना ती पानं दाखवा.