वाहतं रक्त पाहण्याची कुळकथा

कातडीला सुरी न लावता धमन्या आणि शिरा इतक्या स्पष्ट दिसतील अशी दुसरी जागा माणसाच्या शरीरात नाही. ती जागा म्हणजे डोळ्याचा पडदा. पडद्याच्या मधोमध नव्हे, तर नाकाच्या बाजूला जेमतेम दीड मिलिमीटरचं एक फिकट वर्तुळ असतं. पडद्यावरचे दहा-बारा लाख चेतातंतू तिथे गोळा होतात आणि नस बनून मेंदूकडे निघतात. काचबिंदू हा आजार तिथे घडतो. नसेचे तंतू एकेक करून मरतात, वर्तुळाच्या मध्यावरचा खळगा रुंद होत जातो आणि नजर कडेकडून आत आक्रसत येते.

काचबिंदू म्हणजे डोळ्याचं वाढलेलं प्रेशर, असं आपल्याकडे सर्रास समजतात. मात्र या आजारात रक्तपुरवठ्याचाही हात असावा, हा संशय प्रेशरच्या सिद्धान्ताइतकाच जुना आहे. तो शंभर वर्षं मागे पडला याचं कारण माझ्या मते साधं आहे. प्रेशर मोजता येत होतं आणि रक्ताचं वाहणं मोजता येत नव्हतं.

या कथेची सुरुवात क्योनिग्सबर्ग शहरात होते. तिथल्या विद्यापीठात शरीरक्रियाशास्त्र शिकवणाऱ्या हर्मान फॉन हेल्महोल्ट्झ यांनी १८५० मध्ये एक प्रश्न सोडवला. बाहुली काळी का दिसते? डोळ्यात शिरलेला प्रकाश परत फिरतो तो आल्या वाटेनंच, म्हणजे दिव्याकडे. तो पकडायला पाहणाऱ्याचा डोळा दिव्याच्या जागी हवा आणि तसं केलं तर त्याचंच डोकं प्रकाश अडवतं. हेल्महोल्ट्झ यांनी काचेच्या पट्ट्या तिरप्या धरल्या. बाजूच्या दिव्याचा उजेड त्यांवरून डोळ्यात गेला आणि परतताना काचेतून पार होऊन त्यांच्या नजरेला आला. जिवंत माणसाचा पडदा आणि त्यावरच्या लाल वाहिन्या आता डॉक्टरांना पाहता येऊ लागल्या. पुढच्याच वर्षी त्यांनी या उपकरणाची पुस्तिका छापली. त्यांच्याआधी तीन वर्षं चार्ल्स बॅबेज यांनी असंच एक उपकरण लंडनमधल्या एका नेत्रतज्ज्ञाला दाखवलं होतं. त्याला त्याचं मोल कळलं नाही आणि ते तसंच पडून राहिलं.

बर्लिनचे आल्ब्रेष्ट फॉन ग्रेफं तेव्हा पंचविशीच्या आसपासचे होते. हे उपकरण घेऊन त्यांनी काचबिंदूचे डोळे पाहायला सुरुवात केली. १८५४ मध्ये त्यांना नसेच्या तोंडाशी दोन गोष्टी दिसल्या. पहिली त्यांनी चुकीची वाचली. वर्तुळ फुगून वर आलं आहे असं त्यांना वाटलं; प्रत्यक्षात तिथे खळगा होता. एकाच डोळ्यानं पाहणाऱ्याला खोली कळत नाही, उंचवटा आणि खड्डा यांत फसगत होते. व्हिएन्नाच्या एडुआर्ड येगर यांचीही त्याच वर्षी अशीच गफलत झाली. दोन वर्षांत ती दुरुस्त झाली आणि वुर्झबर्गच्या हाइनरिश म्युलर यांनी मृतांचे डोळे कापून खळगा दाखवून दिला.

दुसरी गोष्ट मात्र ग्रेफं यांनी अचूक वाचली. काचबिंदूच्या डोळ्यात नसेवरची धमनी ठोके देत होती. निरोगी डोळ्यात ती स्थिर दिसते. पण निरोगी डोळा बोटानं दाबला की तिथेही तसेच ठोके दिसतात. कारण असं की डोळ्याचं प्रेशर धमनीतल्या खालच्या रक्तदाबापेक्षा वर गेलं की दोन ठोक्यांच्या मध्ये धमनी मिटते आणि पुढचा ठोका आला की पुन्हा उघडते. यावरून ग्रेफं यांनी निष्कर्ष काढला की काचबिंदूच्या मुळाशी वाढलेलं प्रेशर आहे. मला या कथेत सर्वांत मोलाचं वाटतं ते हेच. प्रेशर दोषी असल्याचा पहिला पुरावा रक्तानं दिला होता. प्रेशर आणि रक्त हे तेव्हाच एका सूत्रात बांधलेले दिसले होते, आणि तरी पुढे त्यांची फारकत झाली.

ती फारकत १८५८ मध्ये दिसते. म्युलर म्हणाले, वाढलेलं प्रेशर नसेला मागे ढकलतं आणि तंतू चिरडले जातात. येगर म्हणाले, मूळ बिघाड नसेच्या रक्तवाहिन्यांत आहे. म्युलर यांच्या बाजूनं हत्यारं उभी राहिली. १८५७ मध्ये ग्रेफं यांनी बुबुळाच्या रंगीत पडद्याचा तुकडा कापून अचानक उसळणारा काचबिंदू बरा करून दाखवला होता. १९०५ मध्ये नॉर्वेच्या श्योट्झ यांचं प्रेशर मोजायचं उपकरण आलं. १९५० च्या दशकात स्वित्झर्लंडच्या गोल्डमान यांचं आलं, जे आजही दवाखान्यात वापरतात. आकडा मिळाला, मर्यादा ठरली: पाऱ्याचे २१ मिलिमीटर. येगर यांच्या बाजूला तसं काही नव्हतं. खळगा आहे आणि डोळा मात्र बोटांना कडक लागत नाही, असे रुग्ण खुद्द ग्रेफं यांनी पाहिले होते. त्यांना त्यांनी काचबिंदूच्या बाहेर, वेगळ्या नावाखाली ठेवलं. डेन्मार्कच्या ब्येरुम यांनी १८८९ मध्ये नसेच्या कडेला रक्ताचे बारीक ठिपके टिपले होते, तेही विस्मरणात गेले. १९७० मध्ये कॅनडात स्टीफन ड्रान्स आणि त्यांच्या सहकाऱ्यानं ते पुन्हा मांडले आणि रक्त कमी पडल्याची ती खूण असावी असं सुचवलं. आज असा ठिपका दिसला की डॉक्टर सावध होतात, प्रेशर कितीही असो.

रक्ताला साक्षीला उभं करणारी युक्ती अमेरिकेत इंडियानापोलिसला सापडली आणि ती सापडली दोन वैद्यकीय विद्यार्थ्यांना. हॅरल्ड नोवोटनी आणि डेव्हिड अॅल्विस हे पडद्यावरच्या वाहिन्यांतल्या प्राणवायूवर चाललेल्या कामात मदत करत होते. फ्लुरोसीन हा रंग १८७१ मध्ये अडोल्फ फॉन बायर यांनी बनवला होता. त्यावर निळा प्रकाश पडला की तो हिरवट पिवळा चमकतो. दंडातल्या शिरेत तो टोचायचा, डोळ्यावर निळा प्रकाश टाकायचा आणि परतणारा निळा अडवून फक्त चमक फोटोत घ्यायची, अशी त्यांची कल्पना होती. आधी टोचून कोणी घ्यायचं यासाठी नाणं उडवलं. अॅल्विस हरले आणि फोटोत पहिला डोळा त्यांचा आला. दहा-पंधरा सेकंदांत रंग दंडातून हृदयात, तिथून डोळ्यात पोचतो. धमन्या उजळतात, मग केशवाहिन्या, मग शिरा. नेत्रवैद्यकाच्या एका नियतकालिकानं त्यांचा लेख परत पाठवला. १९६१ मध्ये तो छापला रक्ताभिसरणाला वाहिलेल्या ‘सर्क्युलेशन’ या नियतकालिकानं. आज डोळ्याच्या दवाखान्यात ‘अँजिओग्राफी’ म्हणतात ती हीच. काचबिंदूच्या रुग्णांत या फोटोंमध्ये नसेच्या वर्तुळावर काळे डाग दिसले, म्हणजे तिथे रंग पोचतच नव्हता.

तो का पोचत नाही, याच्या मागे एका माणसानं उभी हयात घालवली. सोहन सिंग हायरे मूळचे पंजाबचे. पतियाळाच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयातून १९६० मध्ये त्यांनी रामजी दास यांच्याबरोबर पडद्याच्या मुख्य धमनीचा उगम आणि मार्ग यांवर लिहिलं आणि ब्रिटनच्या नेत्रवैद्यक नियतकालिकानं ते छापलं. पुढच्या वर्षी शिष्यवृत्ती घेऊन ते लंडनला गेले, तिथून एडिंबरो आणि नंतर अमेरिकेत आयोवाला. पडद्यावर ज्या वाहिन्या दिसतात त्या नसेच्या तोंडाचा फक्त वरचा पातळ थर पोसतात. खालचा सगळा भाग डोळ्याच्या मागून आत शिरणाऱ्या दुसऱ्याच छोट्या धमन्यांवर जगतो आणि त्या पाहणाऱ्याच्या नजरेआड असतात, हे त्यांनी ठामपणे मांडलं. त्याआधी मृत डोळ्यांत रबराचा चीक भरून नकाशे काढत आणि त्यांत या धमन्या एकमेकींना जोडलेल्या दिसत. जोड असेल तर एक आटली तरी दुसरी भागवेल. हायरे यांनी जिवंत डोळ्यांत पाहिलं तेव्हा प्रत्येक धमनी आपापला तुकडाच पोसताना दिसली. दोन तुकड्यांच्या मधल्या पट्टीची गत कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या शेतासारखी असते: पाण्याचा जोर ओसरला की आधी तेच कोरडं पडतं. ही पट्टी कोणाच्या नसेवरून जाते, कोणाच्या कडेनं, माणसागणिक वेगळी. एकच प्रेशर एकाला सोसतं आणि दुसऱ्याची नजर घेतं, याचं हे एक उत्तर आहे. १९६९ मध्ये त्यांनी नसेचा रक्तपुरवठा आणि काचबिंदू यांवर जो लेख लिहिला, त्यानं येगर यांच्या जुन्या संशयाला शरीररचनेचा भक्कम आधार दिला.

यानंतरचं गणित सरळ आहे. नसेला मिळणारं रक्त धमनीतला दाब वजा डोळ्याचं प्रेशर, एवढ्याच जोरावर चालतं. प्रेशर वाढलं तरी जोर कमी होतो आणि रक्तदाब घसरला तरीही. निरोगी वाहिन्या आपला व्यास बदलून हा फरक भरून काढतात, काहींच्या वाहिन्यांना ते जमत नाही. झोपेत रक्तदाब उतरतो आणि आडवं झाल्यावर डोळ्याचं प्रेशर उलट वाढतं. हायरे यांनी रुग्णांना चोवीस तास रक्तदाब मोजणारी यंत्रं बांधली आणि १९९४ मध्ये रात्रीच्या या घसरणीकडे बोट दाखवलं. रक्तदाबाची गोळी झोपताना घेणाऱ्यांत ही घसरण आणखी खोल जाऊ शकते, असं त्यांचं म्हणणं होतं.

प्रेशरचं महत्त्व यानं संपलं असं कोणी समजू नये. जपानमधल्या ताजिमी शहराच्या, २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत उघड्या कोनाचा, म्हणजे हळूहळू वाढणारा काचबिंदू असलेल्या दहांपैकी नऊहून अधिक जणांचं प्रेशर २१ किंवा त्याखाली होतं. पण अशाच रुग्णांवरच्या १९९८ च्या एका अभ्यासात प्रेशर ३० टक्क्यांनी उतरवल्यावर आजार वाढलेल्यांचं प्रमाण १२ टक्के राहिलं. उपचार न केलेल्यांत ते ३५ टक्के होतं. ‘तुमचं प्रेशर नॉर्मल आहे’ हे वाक्य ऐकून निश्चिंत घरी गेलेल्या आणि नजर गमावलेल्या माणसांविषयी मला फार वाईट वाटतं. ते वाक्य खरंच असतं, अपुरं असतं एवढंच.

२०१२ पासून रंग न टोचता, नुसत्या प्रकाशाच्या झोतानं लाल पेशींची हालचाल ओळखून केशवाहिन्यांचा नकाशा काढता येतो. काचबिंदूत ते जाळं विरळ झालेलं दिसतं. वाहिन्या आटल्या म्हणून तंतू मेले की तंतू मेल्यावर रक्ताची गरज उरली नाही म्हणून वाहिन्या आटल्या, याचा निवाडा त्या नकाशातून होत नाही. शिवाय हायरे यांनी दाखवलेल्या मागच्या धमन्यांपर्यंत तो झोत नीट पोचत नाही. म्हणून प्रेशर ठीक असूनही नस खचत चाललेल्या रुग्णाला नेत्रतज्ज्ञ आता विचारतात, रक्तदाबाची गोळी कधी घेता? गरज पडली तर दंडाला चोवीस तासांचं यंत्र लावायला सांगतात आणि गोळीची वेळ बदलायची का, हे त्याच्या हृदयाच्या डॉक्टरांशी बोलून ठरवतात.